काय कमी होतंय

१

गाडी धूर काढते म्हणजे काहीतरी जळतंय. जळतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी कमी होतंय. काय कमी होतंय ते शोधलं की रोग सापडला. टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली ती एवढ्या तीन वाक्यांवर. ती मला कुणी शिकवली ते सध्या राहू दे.

मी स्टॅनी. मनवेलपाड्यात माझं गॅरेज होतं. आता त्या गाळ्यात मोमो मिळतात आणि आजूबाजूची पोरं गाडीला मोबाइल जोडून तिलाच विचारतात, बाई तुला काय होतंय. मी मात्र प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवत आलो. तारीख, गाडी, काय मोजलं, किती भरलं. हे सगळं मी त्या वहीत बघूनच लिहितोय, म्हणून तारखा चुकणार नाहीत.

माझा सख्खा मोठा भाऊ थॉमस मागच्या वर्षी वारला. त्याआधी अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण पुढे सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या मातीला गेलो, शेवटच्या रांगेत उभा राहिलो, मूठभर माती टाकली आणि चहा न घेता परत आलो.

पाच एप्रिलला बर्थावैनीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "स्टॅनी, त्याची गाडी लय धूर काढते. वीस तारखेला पासिंग हाय. धूर दिसला तर नापास करतील आनि मग आमची पोर रोवेना ती भंगारात देनार. तुझ्याशिवाय मी कोनाला हात लावू देनार नाय."

"द्या की भंगारात," मी म्हणालो.

ती म्हणाली, "ती गेली तर माझ्याकडे त्याचं काय र्‍हायलं?"

मी गेलो. भावासाठी गेलो असं कुणी समजू नये. चालू गाडी आणि त्यातून निघणारा बिनकारणाचा धूर मला सहन होत नाही, म्हणून गेलो.

२

घर नायगावला, खाडीच्या अंगाला. पुढे आमची केळीची वाडी होती, तिथे आता बावीस मजल्यांचे दोन टॉवर आहेत. त्यांच्या कुंपणाला टेकून बर्थाचं बैठं घर आणि मधे हातभर अंगण. टॉवरवाल्यांना धूर चालत नाही. त्यांच्या बांधकामाची धूळ या घराने सहा वर्षं खाल्ली, तेव्हा कुणी नाक धरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल दिवा, शेजारी थॉमसचा फोटो. फोटोवर दुपारचं ऊन येतं, त्यामुळे चेहरा जरा उडालेला. फोटोखाली त्याची वेताची आरामखुर्ची. तीस वर्षं बसून बसून बैठकीला खड्डा पडलेला.

"चार बोटं हाय," बर्था म्हणाली. तिने आपली चार बोटं खड्ड्यात आडवी धरून दाखवली. "मी कोनाला बसू देत नाय."

मग तिने मला न विचारता सगळं सांगितलं. थॉमस साडेपाचला कारखान्यातून यायचा. कोपऱ्यावरच्या क्रुसाजवळ पोचला की तीन वेळा रेस करायचा. ती खूण. तो दारात येईपर्यंत हिचा चहा उकळलेला असायचा. तीन चमचे साखर. आता रोज साडेपाचला रोवेना, त्यांची मुलगी, शाळेतून शिकवून आली की किक मारते. गाडी दहा मिनिटं उभ्या जागी चालते आणि बर्था ओट्यावर बसून ऐकते.

"काका, मम्मीला सांगून मी थकले," रोवेना म्हणाली. "सोसायटीवाले रोज कम्प्लेंट करतात. आणि खरं सांगू? पप्पांनी तुमच्याशी जे केलं, त्यानंतर तुम्ही आलात हेच खूप."

मी गाडी बघितली. अठ्ठ्याहत्तर सालची, दोन सायलेन्सर, किक आणि गिअरला एकच दांडा. टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझं डोकं फिरलं. पेट्रोलला खोबरेल तेलाचा वास येत होता.

"यात काय ओतलंत?"

बर्था चोरी पकडली गेल्यासारखी झाली. यात्रेहून आणलेलं आशीर्वादाचं तेल. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात ते. "तिची तब्येत बरी नव्हती म्हनून. तीनच वेळा टाकलं रे. झाकनाने मोजून."

माणसाचं औषध गाडीला. मी तोंड सोडलं ते रोवेनाने "काका, बस" म्हणेपर्यंत. पण मनातून सुटलो होतो. रोग सापडला होता. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर धुतला, ताजं पेट्रोल घालून त्यात मिसळायचं ऑइल स्वतःच्या हाताने मोजून टाकलं. वहीत लिहिलं: *तेल. काम संपलं.*

३

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गाडीने पुन्हा अंगण धुराने भरलं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. टू-स्ट्रोकच्या फडक्यावर काळे चिकट डाग पडतात, नेहमी पडतात, हात धुवायला साबण पुरत नाही. या फडक्यावर कोरडी राख पडली. बारीक, राखाडी, बोटाने उडवली तर उडणारी. वास घेतला. कसलाच वास नव्हता.

चाळीस वर्षांत मी टू-स्ट्रोकमधून कोरडी राख निघालेली पाहिली नव्हती. ऑइल जळतं, ते चिकटच असतं. मी तिथेच उकिडवा बसून विचार करत राहिलो. पेट्रोल खराब असेल. सायलेन्सरमध्ये कुणी चिमणीचं घरटं जाळलं असेल. आतल्या जाळ्या काढल्या, त्या लख्ख होत्या.

घाम पुसला आणि घरात गेलो. बर्था माझ्याकडे बघून हसली. "आज काय राखेचा बुधवार हाय?"

आरशात पाहिलं तर, चर्चमध्ये त्या बुधवारी लावतात तशी, कपाळावर माझ्याच बोटाची राख होती. पुसली. जाईना म्हणून साबण लावला, तेव्हा गेली.

४

ऑइल जास्त नाही म्हटल्यावर दुसरा संशयित गिअरबॉक्स. मधलं सील फाटलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढून घेतं आणि जाळतं. तपासणी सोपी आहे. ऑइल मोजून भरा, गाडी चालवा, पुन्हा काढून मोजा. मी अर्धा लिटर भरलं, तीन दिवस साडेपाचला गाडी चालवली, धुराने टॉवरच्या पाचव्या मजल्यावरच्या बायका खिडकीत येऊन खोकल्या. नवव्या तारखेला ऑइल काढून मोजलं तर अर्धा लिटर. थेंब कमी नाही.

हेड काढलं, ब्लॉक काढला. पिस्टनच्या रिंगा ठीक. पेट्रोल जेवढं जायला हवं तेवढंच जात होतं, त्यातलं ऑइल तेवढंच. अंगणभर धूर आणि कमी होत कुठेच काही नव्हतं. हे होऊ शकत नाही. धूर फुकटचा येत नाही.

वैतागून चहाला आत गेलो. बर्था चहा गाळत मला थॉमसची ती गोष्ट पुन्हा सांगत होती. "साडेपाचला यायचा. आनि कोपऱ्यावर आला की…" ती थांबली. गाळणी हातात तशीच. "कोपऱ्यावर आला की काय करायचा रे तो?"

"रेस करायचा. तीन वेळा. तुम्हीच सांगितलंत चार दिवसांपूर्वी."

"असं का," ती म्हणाली. नव्याने कळावं तशी.

वय झालं, मी म्हटलं. बशी ठेवायला जागा शोधताना खुर्चीकडे लक्ष गेलं. मला मोजायची खोड आहे. बोटं आडवी धरली. तीन. चौथं बोट वर येत होतं. बर्थाची बोटं बारीक, माझी जाड, म्हणून असेल. आणि उन्हाळ्यात वेत आखडतो, हेही मला माहीत आहे. तरी वहीत लिहिलं: *खुर्ची, ३.*

का लिहिलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

५

तेरा तारखेला रोवेना शाळेतून आली ती सरळ माझ्याकडे. हातात मोबाइल. "काका, हे ऐका जरा. माझा फोन बिघडलाय की काय बघा."

थॉमसचा व्हॉइस मेसेज होता, शेवटच्या नाताळातला. चौदा सेकंदांचा. तिने तो जपून ठेवला होता, कधीतरी ऐकायची. पप्पा काहीतरी गमतीचं बोलतात आणि मम्मी हसते, असं तिने सांगितलं.

मी कानाला लावला. कुकरची शिट्टी ऐकू आली. बाहेर कावळा ओरडला. बशीत चमचा ठेवल्याचा आवाज झाला. मग थोडी शांतता, आणि बर्था हसली. खळखळून, कुणीतरी काहीतरी बोलल्यावर हसतात तशी. मग म्हणाली, "पुरे आता, पोरीला पाठव ते." पुन्हा शांतता. संपलं.

"पप्पांचाच आवाज गेलाय," रोवेना म्हणाली. "बाकी सगळं आहे. असं कसं होईल?"

"फाइल खराब होते कधीकधी," मी म्हणालो. मला फाइल म्हणजे काय हेही धड माहीत नाही.

"पण कावळा आहे ना काका."

मी फोन परत दिला. कावळा होता हे खरं. बाहेर गेलो आणि उगाच नट खोलायचे पाने धुवत बसलो. पाने स्वच्छच होते.

त्या दिवशी रोवेना किक मारायला आली तेव्हा मी पहिल्यांदा म्हणालो, आज राहू दे. बर्था ओट्यावरून उठली. तिचे डोळे भरले. "दिवसभर मी या दहा मिनिटांसाठी बसते, स्टॅनी. आता त्याचा चेहरा पन नीट आठवत नाय. निदान आवाज तरी असू दे." मी बाजूला झालो. काय कारण सांगणार होतो?

६

चौदा तारखेला मी ठरवून घरात बसलो. बाहेर रोवेनाने किक मारली. फट फट फट, गाडी चालू झाली. खोलीत मी एकटा, खुर्चीसमोर स्टुलावर. स्वतःचीच लाज वाटत होती. बासष्ट वर्षांचा माणूस रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसलाय.

दरवाज्याखालून धूर आत आला. लाल दिव्याभोवती थोडा घुटमळला.

मग खुर्चीचा वेत करकरला. हा आवाज सगळ्यांना माहीत आहे. माणूस वेताच्या खुर्चीतून हळूच उठतो, आधी एका कुशीवर भार देतो, तेव्हा येतो तो. बैठकीचा खड्डा वर येत होता. भराभर नाही. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसा नाही, कुणाला उठायचं नसताना उठवावं तसं, अडखळत. एकदा थांबला. बाहेर रोवेनाने रेस दिली आणि तो पुन्हा वर सरकू लागला.

गाडी बंद झाली तसा वेतही थांबला. मी जाऊन बोटं धरली. दोन.

वही काढून मागची पानं चाळली. ऑइल कमी नाही, पेट्रोल कमी नाही, गिअरचं ऑइल कमी नाही. खुर्ची चार, तीन, दोन. बर्थाची गोष्ट. पोरीच्या फोनमधला आवाज. काय कमी होतंय ते शोधलं की रोग सापडला.

रोग सापडला होता. थॉमस कमी होत होता. ती बिचारी त्याचा आवाज ऐकायला गाडी चालू करत होती आणि रोज दहा मिनिटांचा तो जाळत होती.

७

हे मी तिला सांगायला हवं होतं. पाच दिवस हातात होते. गाडी चालू करू नका, वैनी, नापास होऊ दे, मी माझ्याकडे ठेवतो, भंगारात जाऊ देत नाही. एवढं बोललो असतो तर ती रडली असती, पण ऐकलं असतं. दीड बोटाचा, एका बोटाचा, जेवढा उरला होता तेवढा तरी तिला राहिला असता.

मी बोललो नाही. गाडी रोज साडेपाचला चालू होत राहिली.

एकोणीस तारखेला रोवेनाला शाळेत उशीर होणार होता. बर्था म्हणाली, "उद्या पासिंग. आज तरी धूर बंद होईल ना रे?"

मी आत जाऊन बोट धरलं. एकसुद्धा पुरतं बुडत नव्हतं.

"आज होईल," मी म्हणालो.

त्या वेळी मला कारण आठवत होतं. हे नीट लक्षात घ्या. अकरा वर्षं का बोललो नाही, त्याने माझं काय केलं, कुठे उभा राहून कुठल्या शब्दांत केलं, सगळं लख्ख आठवत होतं. त्याचं ते तोंडही. त्याने कधी माफी मागितली नाही आणि मरून मोकळा झाला. मातीला आलेले सगळे म्हणत होते, देवमाणूस गेला. आणि ही रोज त्याच्यासाठी ओट्यावर बसते. माझ्या पोटात जे काही होतं ते सगळं पायात उतरलं आणि मी किक मारली.

जळू दे, म्हटलं.

रेस धरून ठेवली. दहा मिनिटं नाही, वीस, पंचवीस. अंगण दिसेना. टॉवरवरून कुणीतरी ओरडत होतं. मग धूर विरळ होऊ लागला. मी मूठ सोडली आणि गाडीपासून दोन पावलं मागे आलो. माझे दोन्ही हात मोकळे होते, मांडीला पुसत होतो.

तेव्हा गाडीने रेस घेतली. आपोआप. एकदा. मग दुसऱ्यांदा. जरा थांबून तिसऱ्यांदा.

स्वयंपाकघरात पातेलं वाजलं. बर्थाने चहाचं पाणी ठेवलं होतं. खिडकीतून मला ती दिसत होती, साखरेचा डबा उघडून, चमचा भरून. तोंडावर जुनं हसू. पहिला चमचा टाकला, दुसरा टाकला. तिसरा हातात धरून ती तशीच उभी राहिली. हसू हळूहळू गेलं. तिने चमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा चमच्याकडे.

गाडी चालू होती. धूर बंद झाला होता.

८

पासिंगला साहेब खाली वाकले, पांढरा रुमाल धरला, उठून माझ्याकडे पाहिलं. "काका, टू-स्ट्रोकच आहे ना ही? एवढी क्लीन?" टू-स्ट्रोकला थोडा धूर असतोच. हिला नावालाही नव्हता. गाडी पास झाली. पाच वर्षांची निश्चिंती.

मी कागद घेऊन नायगावला गेलो. बर्थाने ते चाळले आणि टेबलावर ठेवले. "बरं झालं. पन आपल्याला काय करायची रे ही? कोनाची तरी उगाच दारात अडचन." रोवेना म्हणाली, काका, तुम्हीच घेऊन जा. भंगारात द्यायची गोष्ट तिनेही काढली नाही. कुणालाच काही वाटत नव्हतं. खुर्चीत बर्था बसली होती, वेत ताठ होता. भिंतीवरच्या फोटोत कॉलर आणि टाय तेवढा राहिलाय.

गाडी आता माझ्याकडे आहे. आरसी बुकावर थॉमस असं नाव आहे. वर मी जिथे जिथे हे नाव लिहिलंय तिथे ते बघून लिहिलंय, आणि तो माझा भाऊ होता हे वहीत बघून. त्याच्याबद्दल जे काही सांगितलं ते वहीतलं किंवा बर्थाच्या तोंडून तेव्हा ऐकून टिपलेलं.

कारण पुढे सांगतो असं सुरुवातीला म्हटलं होतं. ते मी लिहून ठेवलेलं नाही. ते विसरेन असं कधी वाटलंच नव्हतं. आता राग तेवढा आहे. रोज सकाळी उठतो तेव्हा छातीवर असतो, अकरा वर्षांचा, पूर्ण वजनाचा. कशाचा, ते नाही. माफ करून टाकावं म्हणतो, तर कुणाला आणि कशाबद्दल?

मधूनमधून मी नायगावला जातो. साडेपाचला बर्था ओट्यावर येऊन बसते. परवा म्हणाली, "या वेळेला मी दोन कप चहा का ठेवते कोन जाने. तू घे एक." घेतला. तीन चमचे साखर होती. मला साखर चालत नाही, तरी प्यायलो.

मग तिला वही दाखवली. वहीचं पहिलं पान मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यावर ती तीन वाक्यं आहेत, धूर, जळणं आणि काय कमी होतंय ते. खाली लिहिलंय: *स्टन्या, लिहून ठेवत जा. तुझ्या लक्षात काही राहत नाही.* अक्षर माझं नाही.

बर्थाने चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं, शाईवरून बोट फिरवलं.

"किती सुरेख अक्षर हाय," ती म्हणाली. "कोनाचं रे?"

मी म्हणालो, कुणा मेकॅनिकचं असेल.